उन्मादाची तिथी

प्राचीन ग्रीकांचा डायोनायसस हा वाइनचा देव होता आणि उन्मादाचाही. रोजचे भान सुटते, अंगात दुसरेच कोणी संचारते, आपण कोण याचा काही काळ विसर पडतो, ही अवस्थाच मुळी त्या देवाची, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. वाइन हा तिथे पोचण्याचा एक मार्ग. नाच, डफ, जोडपाव्याचा घुमणारा सूर, मुखवटा आणि डोंगरावरची रात्र हे दुसरे. बॅकस हे त्याचेच दुसरे नाव. रोमन लोकांनी पुढे तेच उचलले. त्याची उपासना म्हणजे सगळा बेबंद कारभार, अशी समजूत आजही सर्रास आढळते. पण शिलालेख, सणांच्या तिथ्या आणि भक्तमंडळांचे नियम वाचले की चित्र पालटते. ग्रीकांनी उन्मादाला तिथी नेमून दिली, जागा ठरवली, पुजारी आणि पुजारिणी नेमल्या, खर्चाची तजवीज केली. माणसाच्या मनातल्या सर्वांत भयंकर शक्तीला दाराबाहेर न ठेवता तिचा मान राखायचा, हा या धर्माचा गाभा होता, आणि त्यामागची समज फार खोल होती.

देवाची जन्मकथाच विजेची आणि राखेची आहे. थीब्ज नगरीची राजकन्या सेमेली हिच्यावर देवराज झ्यूसचे प्रेम जडले. झ्यूसची पत्नी हेरा हिने कपटाने सेमेलीच्या मनात भरवले की त्याला खऱ्या रूपात प्रकट व्हायला सांग. झ्यूस प्रकटला तो विजेच्या लोळात. सेमेली जळून गेली. तिच्या पोटातले मूल झ्यूसने आपल्या मांडीत शिवून घेतले आणि दिवस भरल्यावर ते तिथून जन्मले. पुराणकथांत हा देव सतत बाहेरून येतो: आशियातून, थ्रेसमधून, समुद्रावरून. म्हणून तो ग्रीसमध्ये उशिरा आलेला परका देव असावा, असे अभ्यासक बराच काळ धरून चालले होते. १९५२मध्ये मायकेल व्हेंट्रिसने 'लिनिअर बी' या प्राचीन ग्रीक लिपीचा उलगडा केला. पुढे पायलॉस येथील इ.स.पू. तेराव्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर डायोनायससचे नाव मिळाले आणि तो अंदाज मोडीत निघाला. देव जुनाच होता. नव्याने दारात येऊन उभा राहणे हा त्याचा स्वभाव होता, आणि त्याच्या सणांत हे आगमनच पुन्हा पुन्हा साजरे होत असे.

वाइन हे वरदान धोक्याचे आहे, हे ग्रीक कधी विसरले नाहीत. अथेन्सच्या परिसरातला इकॅरियस नावाचा शेतकरी देवाकडून वाइन करायला शिकला. त्याने ती शेजारच्या मेंढपाळांना पाजली. त्यांनी ती पाण्याशिवाय प्याली, डोके गरगरू लागले, आपल्याला विष घातले असे वाटून त्यांनी इकॅरियसला ठार केले. त्याची मुलगी एरिगोनी हिने झाडाला गळफास घेतला. या पापाच्या निवारणासाठी अथेन्समधल्या मुली सणाच्या दिवशी झाडांना झोके बांधून झुलत. वाइनमध्ये पाणी मिसळूनच ती प्यायची, हा ग्रीकांचा शिरस्ता होता. त्यासाठी क्रेटर नावाचे रुंद तोंडाचे मोठे भांडे असे. निव्वळ वाइन पिणे हे त्यांच्या लेखी रानटीपणाचे लक्षण होते.

अथेन्समध्ये डायोनायससचा सर्वांत जुना सण म्हणजे अँथेस्टेरिया. तो आपल्या माघ-फाल्गुनाच्या सुमारास, अँथेस्टेरियॉन महिन्याच्या ११ ते १३ या तिथींना येई. पहिल्या दिवशी शरद ऋतूत भरून ठेवलेले रांजण उघडत. नवी वाइन आधी देवाच्या ठाण्याकडे न्यायची, पाणी मिसळून त्याला अर्पण करायची आणि मगच स्वतः चाखायची. हे औषध आम्हाला बाधू नये, त्याचा गुण यावा, अशी प्रार्थना त्या वेळी करत असल्याचे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे.

दुसरा दिवस विलक्षण होता. एरवी ग्रीकांची पानाची बैठक म्हणजे एका भांड्यातून वाटून घेणे, गाणी, गप्पा आणि वादविवाद. या दिवशी मात्र प्रत्येकाचे मेज वेगळे, प्रत्येकाचा कुंजा वेगळा. कुंज्यात सुमारे सव्वातीन लिटर मावे. तुतारी वाजली की सगळ्यांनी एकदम प्यायला सुरुवात करायची, तीही मुक्याने. जो आधी संपवेल तो जिंकला. ॲरिस्टोफेनिसच्या 'अकार्नियन्स' या नाटकात या स्पर्धेचे बक्षीस म्हणून वाइनने भरलेला बुधला मिळतो. या मौनामागची कथा अशी: मातृहत्या केलेला ओरेस्टिस नेमका याच दिवशी अथेन्सला पोचला. त्याला हाकलावे तर अतिथीचा अपमान, पंगतीला घ्यावे तर त्याच्या हातच्या रक्ताचा विटाळ सगळ्यांना. राजाने तोड काढली की प्रत्येकाने आपापल्या कुंज्यातून, कोणाशी न बोलता प्यावे. सणाचा दिवस आणि त्यावर खुनाची सावली, हे डायोनायससच्या उपासनेत नेहमी जोडीने येते. घराघरात त्या दिवशी दारांना डांबर फासत आणि सकाळी एक काटेरी झुडपाचा पाला चघळत, कारण मृतांचे आत्मे गावात फिरत असतात अशी समजूत होती.

याच दिवशी तीन वर्षांच्या मुलांना डोक्यावर फुलांचा मुकुट घालून त्यांचा छोटा कुंजा हाती देत. असे शेकडो इवले कुंजे उत्खननांत मिळाले आहेत. त्यांच्यावर रांगणारी बाळे, खेळण्यातल्या गाड्या, कुत्री अशी चित्रे आहेत. काही कुंजे लहान मुलांच्या थडग्यांतून निघाले.

दलदलीच्या भागातले डायोनायससचे ठाणे वर्षातून या एकाच दिवशी उघडत असे. अथेन्समधला 'राजा' हा तोवर नुसता धार्मिक अधिकारी उरला होता. त्याच्या पत्नीचा या दिवशी खुद्द देवाशी विवाह लागे. तिच्या मदतीला १४ प्रौढ स्त्रिया असत आणि पूजेच्या टोपल्यांपाशी आपण शुद्ध आहोत अशी शपथ घेत. विवाह नेमका कसा होई, देवाच्या जागी कोण असे, हे ग्रीकांनी कटाक्षाने गुप्त ठेवले. तिसऱ्या दिवशी सगळी धान्ये एकत्र शिजवून मृतांच्या वाटाड्या हर्मीस देवाला वाहत, आणि संध्याकाळी आत्म्यांना सण संपल्याचे ओरडून सांगत घराबाहेर घालवत. उघडलेले रांजण, देवाचे लग्न आणि पितरांची पाठवणी या साऱ्यांना तीन दिवसांत बसवणारा हा सण ग्रीक धर्माच्या अभ्यासात फार मोलाचा आहे.

अथेन्सचे पुरुष शहरात पीत. स्त्रियांची उपासना डोंगरावर चाले. या स्त्रियांना मीनाड म्हणत, म्हणजे उन्मादिनी. हरणाचे कातडे पांघरून, केस मोकळे सोडून, हातात थायरसस घेऊन त्या निघत. थायरसस म्हणजे बडीशेपेच्या जातीच्या उंच झाडाचा पोकळ दांडा, टोकाला आयव्हीच्या पानांचा गुच्छ बांधलेला. त्यांचा उन्माद दारूतून येत असल्याचा पुरावा जवळजवळ नाही. थंडी, जागरण, डफाचा ठेका, मान मागे टाकून गोल गोल नाचणे आणि देवाच्या नावाचा घोष एवढे त्याला पुरे होते. महाराष्ट्रात ज्याला अंगात येणे म्हणतात त्याच्याशी हे बरेच जुळते.

या स्त्रियांचे सर्वांत गाजलेले चित्र युरिपिडीसने 'बॅकाय' या नाटकात रंगवले. इ.स.पू. ४०५च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर, ते अथेन्समध्ये सादर झाले. थीब्जचा राजा पेंथियस देवाला मानत नाही. शेवटी त्याची आई अगावी उन्मादाच्या भरात त्याला सिंह समजून फाडते आणि त्याचे मस्तक मिरवत घरी येते. हे नाटक थोर आहे, पण त्यावरून रोजची उपासना जोखू नये. प्रत्यक्षातले विधी एक वर्षाआड, ठरलेल्या हिवाळ्यात, ठरलेल्या स्त्रियांनी करायचे असत. आशिया मायनरमधल्या मिलेटस शहराचा इ.स.पू. २७६-२७५चा शिलालेख या बाबतीत बोलका आहे. तिथे पुजारीणपदाची विक्री होत असे. नगराच्या वतीने पुजारिणीने कच्च्या मांसाचा घास अर्पण करण्याआधी दुसऱ्या कोणी तो अर्पण करू नये, असा नियम त्यात आहे. एखाद्या स्त्रीला शहरात, खेड्यात किंवा बेटांवर दुसऱ्या कोणाला दीक्षा द्यायची असेल तर तिने पुजारिणीला एक नाणे भरायचे, हेही ठरले होते. नाटकात जिवंत प्राणी फाडले जातात. शिलालेखात एक घास आहे, त्याचा क्रम आहे आणि त्याची दक्षिणाही.

मॅग्नेशिया शहराची हकिगत अशीच आहे. वाऱ्याने मोडलेल्या चिनार झाडाच्या खोडात डायोनायससची प्रतिमा दिसली. नगराने डेल्फीच्या देववाणीला कौल लावला. थीब्जहून मीनाड आणा, असे उत्तर आले. कॉस्को, बाउबो आणि थेट्टाली अशा तिघी आल्या, तिघींनी एकेक भक्तमंडळ उभे केले आणि मृत्यूनंतर त्यांना नगराने सन्मानाने पुरले. उन्माद शिकवणाऱ्या गुरू बाहेरगावाहून मागवल्या जात होत्या आणि त्यांची नावे दगडावर कोरली जात होती.

डेल्फीला हिवाळ्याचे तीन महिने अपोलो देव परगावी जाई आणि तिथला अंमल डायोनायससकडे येई. या काळात थायाड नावाच्या स्त्रिया पार्नासस पर्वतावर चढत. प्लुटार्क हा डेल्फीचा पुजारी होता आणि थायाडांची प्रमुख क्लिया ही त्याच्या परिचयाची, त्यामुळे त्याच्या नोंदींना वजन आहे. एकदा या स्त्रिया वर बर्फाच्या वादळात सापडल्या. त्यांना सोडवायला गेलेल्यांचे झगे गोठून लाकडासारखे कडक झाले आणि उलगडताना तुटले, असे तो सांगतो. त्याची दुसरी हकिगत इ.स.पू. चौथ्या शतकातल्या युद्धकाळातली. रात्रभर नाचत भटकलेल्या थायाड भान हरपून अँफिसा गावात शिरल्या आणि थकून भर बाजारात पडल्या जागी झोपी गेल्या. गावात सैनिक भरलेले होते. अँफिसाच्या बायका धावत आल्या, झोपलेल्या स्त्रियांभोवती कडे करून उभ्या राहिल्या, एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या जाग्या झाल्यावर त्यांना खाऊ घातले, त्यांची विचारपूस केली आणि नवऱ्यांची परवानगी काढून त्यांना वेशीपर्यंत सोबत केली. उन्मादात असलेले माणूस देवाचे असते, त्याला हात लावायचा नाही आणि लावूही द्यायचा नाही, ही जाणीव त्या समाजात किती पक्की होती, ते या हकिगतीतून कळते.

देवाला नाकारणाऱ्यांची गत पुराणकथांत एकाच तऱ्हेने होते: तो त्यांना वेड लावतो, आणि त्या वेडाला तिथी नसते. थ्रेसचा राजा लायकर्गस द्राक्षवेल समजून मुलाला कुऱ्हाडीने तोडतो. ऑर्कोमेनॉसच्या मिनियस राजाच्या मुली घरी विणकाम करत बसतात आणि अखेर चिठ्ठी टाकून आपल्यातल्या एकीचेच मूल फाडतात. या कथेचा विधी ऑर्कोमेनॉसला प्रत्यक्ष होत असे. त्या घराण्यातल्या स्त्रियांच्या मागे देवाचा पुजारी तलवार घेऊन धावे आणि सापडेल तिला मारण्याचा त्याला हक्क होता. बहुधा कोणी सापडत नसे. प्लुटार्कच्या हयातीत झोइलस नावाच्या पुजाऱ्याने एकीला खरोखरच मारले. पुढे तो आजाराने मेला, गावावर संकटे आली, आणि गावाने त्याच्या घराण्याचे पुजारीपण काढून घेतले. हक्क कागदावर असला तरी तो वापरायचा नसतो, हे गावाला ठाऊक होते.

नाटक ही या उपासनेची सर्वांत टिकाऊ देणगी. मार्च-एप्रिलच्या सुमारास अथेन्समध्ये मोठा डायोनिसिया उत्सव भरे. देवाची मूर्ती वाजतगाजत आणत. मिरवणुकीत सुफलतेचे चिन्ह म्हणून लाकडी लिंगे असत. डेलॉस बेटावरच्या हिशेबांत अशा लिंगाच्या लाकडाचा आणि रंगकामाचा खर्चही नोंदलेला आहे. अथेन्सच्या दहा जमाती पुरुषांचे आणि मुलांचे प्रत्येकी पन्नास जणांचे गायनवृंद उतरवत, म्हणजे हजार माणसे देवापुढे गात आणि नाचत. मग तीन कवींच्या शोकांतिका आणि इ.स.पू. ४८६पासून सुखात्मिकांच्याही स्पर्धा. नाट्यगृह देवळाला लागूनच होते आणि पहिल्या रांगेतले मधले आसन डायोनायससच्या पुजाऱ्याचे. मुखवटा चढवून दुसरा कोणी होणे ही देवाच्या उपासनेची रीतच तिथे कलेत उतरली.

सार्वजनिक सणांखेरीज खासगी दीक्षाही होत्या. काळ्या समुद्राच्या काठी ऑल्बिया येथे सिथियन राजा स्कायलीस याने अशी दीक्षा घेतल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. माणसांना वेडे करणारा देव मानणे सिथियनांना लाजिरवाणे वाटे. राजा उन्मादात नाचताना त्यांनी पाहिला, बंड झाले आणि भावाने त्याचा शिरच्छेद केला. दीक्षितांना मरणोत्तर सद्गतीची आशा होती. थेसलीमधल्या पेलिन्ना येथे एका स्त्रीच्या थडग्यात आयव्हीच्या पानाच्या आकाराचे सोन्याचे पत्रे मिळाले. मृत्युलोकाच्या राणीला काय सांगायचे, ते त्यांवर कोरले आहे: बॅकसनेच मला मुक्त केले.

रोमच्या सत्तेला ही उपासना पेलली नाही. इ.स.पू. १८६मध्ये सिनेटने बॅकसच्या गुप्त मेळ्यांवर कारवाई केली. लिव्ही या इतिहासकाराच्या मते ७,०००हून अधिक स्त्री-पुरुष त्यात गुंतले होते आणि कैद झालेल्यांहून देहदंड झालेले जास्त होते. त्याने रात्रीचे व्यभिचार, खोटी मृत्युपत्रे, खून असे आरोपही रंगवून दिले आहेत, पण तो घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता आणि त्याची बाजू आरोप करणाऱ्यांची आहे. खरा दस्तऐवज वेगळा आहे. १६४०मध्ये दक्षिण इटलीतल्या तिरिओलो येथे सिनेटच्या हुकुमाचा कांस्यपत्रा सापडला. तो आता व्हिएन्नात आहे. त्यात व्यभिचाराचा उल्लेख नाही. पुरुषाने पुजारी होऊ नये, सामाईक निधी ठेवू नये, आपसात शपथा घेऊ नयेत, आणि किमान १०० सिनेटर हजर असताना मिळालेल्या परवानगीशिवाय पाचांहून जास्त जणांनी, त्यातही दोन पुरुष आणि तीन स्त्रिया यांहून अधिकांनी, एकत्र विधी करू नये, अशी ती कलमे आहेत. सत्तेला धास्ती होती ती आपल्या नजरेआड उभ्या राहिलेल्या संघटनेची. तरीही उपासनेवर सरसकट बंदी घालण्याचे धाडस सिनेटने केले नाही.

साडेतीनशे वर्षांनी अथेन्समध्ये याच देवाचे भक्त काय करत होते, ते १८९४मध्ये सापडलेल्या एका स्तंभावर सविस्तर वाचायला मिळते. आयोबॅकाय नावाच्या मंडळाचे हे नियम इ.स.च्या दुसऱ्या शतकातले आहेत. त्या काळचा अथेन्सचा धनाढ्य वक्ता हेरोडीस ॲटिकस हा त्यांचा पुजारी होता. नव्या सभासदाला ५० रोमन डिनेरियस प्रवेशशुल्क, सभासदाच्या मुलाला निम्मे. वाइनसाठी दरमहा वर्गणी. बैठकीत विनाकारण गाणे, टाळ्या पिटणे, दुसऱ्याच्या जागेवर बसणे, शिवीगाळ, मारामारी या सगळ्यांना दंड. मार खाणाऱ्याने पुजाऱ्याकडे तक्रार न करता परस्पर सरकारी कोर्टात धाव घेतली तर त्यालाही दंड. शिस्त राखणारा अधिकारी चिठ्ठीने निवडला जाई किंवा पुजारी त्याला नेमे. गडबड करणाऱ्याजवळ त्याने थायरसस ठेवला की त्या माणसाने उठून बाहेर जायचे. न गेल्यास त्याला बाहेर काढायला खास माणसे नेमलेली. सभासद वारला तर मंडळाकडून पाच डिनेरियसपर्यंतचा पुष्पमुकुट आणि अंत्ययात्रेला आलेल्यांना वाइन. डोंगरावर उन्मादिनींच्या हाती डोलणारा दांडा इथे शांतता राखण्याची खूण झाला होता, आणि दोन्हीकडे तो एकाच देवाचा होता.

या देवाचा भारताशीही संबंध जोडला गेला. इ.स.पू. ३२६च्या सुमारास अलेक्झांडर काबूल आणि सिंधू या नद्यांमधल्या प्रदेशात असताना नायसा गावच्या लोकांनी आपले गाव डायोनायससने वसवल्याचे सांगितले. शेजारच्या मेरोस डोंगरावर आयव्हीचे वेल पाहून मॅसिडोनियाच्या सैनिकांनी त्याचे मुकुट केले. या कथा अलेक्झांडरला खूश करायला रचल्या गेल्या, असे विद्वान एराटोस्थेनिसने प्राचीन काळीच बजावले होते, आणि त्याचेच मत पटण्यासारखे आहे. तरी पाचव्या शतकात इजिप्तमधल्या नॉनस या कवीने डायोनायससच्या भारतावरील स्वारीवर ४८ सर्गांचे महाकाव्य लिहिले. भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरत होती आणि पैठण व तेरचा माल बैलगाड्यांनी त्याच बंदरात जात होता, हे 'पेरिप्लस' या व्यापारी ग्रंथात नोंदलेले आहे. दख्खनेत वाइन आली, पण तिचा देव रुजला नाही.

इ.स. ३९१-३९२मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली. पण ६९२मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेला आपल्या बासष्टाव्या नियमात पुन्हा लिहावे लागले की द्राक्षे तुडवताना कोणी डायोनायससचे नाव घेऊ नये आणि कोणी सुखात्मिकेचे किंवा शोकांतिकेचे मुखवटे घालू नयेत. मूळ बंदीला तोवर ३०० वर्षे उलटली होती.